हसू शेजारघरचे

हसवणे आणि हसे करणे या दोन गोष्टींमध्ये आपल्या मराठी भाषेने फार पूर्वीच एक रेघ ओढून ठेवली आहे. ज्याला आपण हसवतो तो आपला स्नेही होतो. ज्याचे हसे होते तो मान खाली घालून घरी जातो. विनोदी चित्रपटांत मात्र ही रेघ वारंवार पुसली जाते. लठ्ठ माणूस, तोतरे बोलणारा नोकर, ऐकू कमी येणारी आजी पडद्यावर आली की प्रेक्षागृहात हशा पिकतो. पण त्याच प्रेक्षागृहात आईच्या शेजारी बसलेला एखादा मुलगा स्वतःच तोतरा असेल, तर त्या क्षणी त्याला काय वाटत असेल? विनोद लिहिणाराच्या मनात हा प्रश्न सहसा येत नाही.

वाचकहो, हा प्रश्न मनात ठेवून विनोद करणाऱ्या एका दिग्दर्शिकेची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे. सई परांजपे हे नाव आपणांपैकी अनेकांना ‘चश्मे बद्दूर’ आणि ‘कथा’ या दोन चित्रपटांमुळे ठाऊक असेल. परंतु या दोन चित्रपटांच्या मागे आणि पुढे आकाशवाणी, रंगभूमी, दूरचित्रवाणी, बालचित्रपट आणि अनुबोधपट असा फार मोठा प्रवास आहे. माध्यमे बदलली, भाषा बदलल्या, विषयही बदलले. पण माणसाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलली नाही. ती दृष्टी शेजाऱ्याची आहे. शेजाऱ्याला आपली उणी-दुणी सारी माहीत असतात. तो त्यांवर हसतो, आणि प्रसंग पडला की धावूनही येतो.

घरची शिदोरी

सईबाईंचा जन्म १९३८ सालचा. त्यांचे वडील रशियन जलरंग-चित्रकार युरा स्लेप्टझॉफ. आई-वडिलांचा संसार फार काळ टिकला नाही, आणि सई आपल्या आईजवळ, आजोबांच्या घरी वाढल्या. हे आजोबा म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे. केंब्रिज विद्यापीठात १८९९ साली ‘सीनियर रँग्लर’ होण्याचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि काही वर्षे त्यांनी ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त म्हणून काम पाहिले. त्या काळात सईचे बालपण कॅनबेरा येथे गेले.

आई शकुंतलाबाई परांजपे यांचे कर्तृत्वही लहान नव्हते. १९३७ साली प्रभात कंपनीच्या ‘कुंकू’ या बोलपटात त्यांनी भूमिका केली होती. परंतु त्यांचे खरे कार्य कुटुंबनियोजनाचे. ज्या काळी हा विषय चारचौघांत उच्चारणेही अशिष्ट मानले जाई, त्या काळी त्यांनी र. धों. कर्वे यांच्या जोडीने त्याचा प्रचार केला. १९६४ ते १९७० या काळात त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. १९९१ साली त्यांना ‘पद्मभूषण’ मिळाले. २००६ साली तोच सन्मान त्यांच्या कन्येला मिळाला. माय-लेकींच्या वाट्याला एकच सन्मान यावा, असा योग विरळाच.

या घरात बुद्धीचा दरारा होता, तसा गोष्टींचाही सुकाळ होता. सईचे नातलग अच्युत रानडे हे त्या काळचे चित्रपट-दिग्दर्शक. पुण्यात फर्ग्युसनच्या टेकडीवर ते या मुलीला गोष्टी सांगत, आणि त्या अशा रीतीने सांगत की जणू पटकथाच वाचून दाखवीत आहेत. वयाच्या आठव्या वर्षी या मुलीचे ‘मुलांचा मेवा’ हे गोष्टींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गोष्ट ऐकण्याची आणि सांगण्याची ही गोडी जन्मभर टिकली.

ध्वनिक्षेपकापासून कॅमेऱ्यापर्यंत

आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून सईबाईंनी कामाला आरंभ केला आणि लवकरच त्या मुलांच्या कार्यक्रमांकडे वळल्या. मुलांसाठी कार्यक्रम करणे हे सोपे काम आहे अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः मुलांसारखा कठोर श्रोता नाही. त्यांना उपदेशाचा वास लगेच येतो आणि कंटाळा आला की ती उठून जातात. नभोवाणीवर तर चेहरा नाही, हावभाव नाहीत. जे काही करावयाचे ते आवाजाने आणि शब्दांच्या ठेक्याने. सईबाईंच्या चित्रपटांतील संवाद कानाला इतके सहज वाटतात, त्यामागे ही नभोवाणीची तालीम असावी असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

त्यानंतर त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात दाखल झाल्या आणि १९६३ साली तेथील शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. इब्राहिम अल्काझी हे त्या वेळी विद्यालयाचे संचालक होते. त्यांची शिस्त, रंगमंचावरील प्रत्येक वस्तूविषयीचा त्यांचा काटेकोरपणा, यांची ख्याती सर्वश्रुत आहे.

दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला होता. पुढे सईबाई या केंद्रावर निर्मात्या आणि दिग्दर्शिका म्हणून काम करू लागल्या, तेव्हा हे माध्यम अगदी बाल्यावस्थेत होते. पैसा थोडा, साधने तुटपुंजी, नामवंत नटनट्यांचा प्रश्नच नाही. पडदाही एवढा लहान की मोठमोठी दृश्ये त्यावर मावणारच नाहीत. मावेल ते माणसाचे तोंड, दोघांचे बोलणे, एखादी खोली. ज्यांना चित्रपट म्हणजे डामडौल असे वाटत होते, त्यांची येथे अडचण झाली असती. सईबाईंना मात्र हीच चौकट मानवली. १९७२ साली त्यांनी दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘द लिटल टी शॉप’ या चित्रपटाला तेहरान येथे एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच्या उद्‌घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती करण्यासाठीही सईबाईंचीच निवड झाली.

याच सुमारास त्यांचे मराठी रंगभूमीवरील लेखन-दिग्दर्शनही चालू होते. ‘माझा खेळ मांडू दे’, ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’ ही नाटके मराठी प्रेक्षकांना परिचित आहेत. बालचित्रपट संस्थेच्या अध्यक्षपदाची धुराही त्यांनी दोनदा वाहिली, आणि ‘जादू का शंख’ (१९७४) व ‘सिकंदर’ (१९७६) हे मुलांचे चित्रपट केले. पहिला मोठा चित्रपट हाती घेण्यापूर्वी ही सारी उमेदवारी त्यांनी केली होती, हे तरुण वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे.

दया नको, सोबत हवी

तो पहिला मोठा चित्रपट म्हणजे ‘स्पर्श’. विनोदी चित्रपटांच्या दिग्दर्शिकेची ओळख करून देताना प्रथम या गंभीर चित्रपटाकडे वळावे लागते, कारण सईबाईंच्या विनोदाचा पाया येथे आहे.

अनिरुद्ध हा अंध मुलांच्या शाळेचा प्राचार्य. तो स्वतःही अंध आहे. कविता ही तरुण विधवा आपल्या दुःखात घर धरून बसलेली. ती शाळेत येऊ लागते आणि दोघे एकमेकांच्या जवळ येतात. अनिरुद्धाला मदत चालते, दया चालत नाही. पाहुणीसाठी कॉफी करण्याचा मान यजमानाचा आहे. तो त्याच्या हातून कोणी काढून घेऊ पाहिला की तो संतापतो. येथे प्रश्न मोठा अवघड आहे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याला हात द्यावा तर त्याचा स्वाभिमान दुखावतो. न द्यावा तर आपले मन खाते. ज्यांच्या घरी आजारी, अपंग किंवा वृद्ध माणूस आहे, त्या प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाची ही अडचण आहे.

हा चित्रपट दिल्लीच्या एका अंधशाळेत चित्रित झाला आणि तेथील मुलांनीच त्यात कामे केली. ही मुले पडद्यावर बिचारी दिसत नाहीत. ती खोड्या काढतात, भांडतात, हसतात. त्यांच्या हसण्यात आपण सामील होतो, आणि सामील होता होता त्यांच्याविषयीची आपली करुणा गळून पडते व तिच्या जागी ओळख येते. १९७९ सालच्या चित्रपटांसाठी दिल्या गेलेल्या राष्ट्रीय पारितोषिकांत ‘स्पर्श’ सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचे आणि सई परांजपे यांना पटकथेचे पारितोषिक मिळाले. परंतु सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत तो पोहोचण्यास पुढे बरीच वर्षे गेली. १९८५ साली फिल्मफेअर पारितोषिकांतही त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि दिग्दर्शनाचा मान मिळवला.

तीन मित्र आणि एक धुण्याची पावडर

१९८१ सालचा ‘चश्मे बद्दूर’ आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना हेवा वाटावा असा आनंद अजून राखून ठेवलेला आहे. ‘दृष्ट न लागो’ असा या शब्दांचा अर्थ. दूरदर्शनसाठी पूर्वी केलेल्या ‘धुआँ धुआँ’ या छोट्या चित्रपटातून सईबाईंनी ही कथा वाढवली.

दिल्लीत एका खोलीत तीन विद्यार्थी राहतात. सिद्धार्थ अभ्यासू आहे. ओमी आणि जोमो यांना अभ्यासापेक्षा मुलींची चिंता अधिक. पानवाल्या लल्लन मियाँच्या दुकानी त्यांची उधारी वाढतच असते. शेजारात नेहा नावाची मुलगी राहायला येते, आणि दोघे वीर एकामागून एक तिचे मन जिंकायला जातात. दोघांचीही फजिती होते. परंतु मित्रांपुढे फजिती कशी कबूल करावी? मग दोघेही परत येऊन, हिंदी चित्रपटांतील प्रेमगीतांच्या थाटात, आपल्या विजयाच्या कल्पित कथा रंगवून सांगतात. या प्रसंगांत दिग्दर्शिकेने हिंदी चित्रपटांच्या ठराविक प्रेमप्रसंगांची जी गोड टवाळी केली आहे, ती पाहताना हसू आवरत नाही.

पुढे ‘चमको’ नावाची धुण्याची पावडर विकत ती नेहा याच खोलीच्या दारी येते. दार उघडतो सिद्धार्थ. पावडरीचे गुण सांगणारी ती आणि भांबावून ऐकणारा तो. एवढ्या साध्या प्रसंगातून हिंदी चित्रपटसृष्टीतील एक अतिशय निर्मळ प्रेमकथा सुरू होते. फारूख शेख आणि दीप्ती नवल या जोडीचे कौतुक आजही होते ते या सहजपणामुळे.

पण वाचकहो, येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. ज्या थापांवर आपण पूर्वार्धात खळखळून हसलो, त्याच थापा उत्तरार्धात विषारी होतात. मित्रांनी फुशारकीपोटी त्या मुलीविषयी जे सांगितले ते सिद्धार्थ खरे मानतो आणि तिच्याविषयी त्याचे मन कलुषित होते. त्या मुलीने काहीच केलेले नाही. तिच्या माघारी तिच्याविषयी गंमत केली गेली, एवढाच तिचा अपराध. आपल्या गल्लीबोळांत, महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर किती मुलींची नावे अशीच गमतीगमतीत घेतली जात असतील! दिग्दर्शिका त्यावर व्याख्यान देत नाही. ती ओमी-जोमोंना त्यांच्या चुकीची लाज वाटायला लावते आणि ती चूक निस्तरण्याच्या धडपडीत पुन्हा आपल्याला हसवते. कोणी खलपुरुष ठरून बाहेर फेकला जात नाही. आजी, पानवाला आणि हे दोन उनाड मित्र, सारे मिळून बिघडलेले सावरू पाहतात.

ससा, कासव आणि चाळ

त्यानंतर आला ‘कथा’. एस. जी. साठ्ये यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरून तो बेतलेला होता आणि १९८२ सालच्या चित्रपटांतून त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. कथा घडते मुंबईच्या चाळीत. चित्रण झाले पुण्यातील एका खऱ्याखुऱ्या चाळीत. लांबच लांब सामाईक गॅलरी, एकमेकींना लागून असलेली दारे, कोणाच्या घरी काय शिजते आणि कोणाकडे पाहुणा आला याची सर्वांना असलेली खबर: ज्यांचे बालपण अशा वास्तूत गेले त्यांना आपलेच घर पडद्यावर आल्यासारखे वाटेल.

राजाराम जोशी हा सरळमार्गी कारकून. शेजारच्या संध्येवर त्याचे प्रेम आहे, पण ते बोलून दाखवण्याचे धैर्य नाही. त्याच्या खोलीत एके दिवशी जुना मित्र बाशू येऊन उतरतो. बाशू देखणा, बोलका, थापाड्या. पाहता पाहता तो साऱ्या चाळीला भुरळ घालतो, नोकरी मिळवतो आणि संध्येचे मनही जिंकतो. राजाराम मागे मागेच राहतो.

भूमिकांची निवड पाहा. ‘स्पर्श’मधील करारी अनिरुद्ध येथे भिडस्त राजाराम झाला आहे, आणि ‘चश्मे बद्दूर’मधील सालस सिद्धार्थ येथे लबाड बाशू. नसीरुद्दीन शाह आणि फारूख शेख यांच्याविषयी प्रेक्षकांनी बांधलेली अटकळ दिग्दर्शिकेने उलटी केली. परिणाम असा झाला की बाशूवर आपणही चाळकऱ्यांसारखेच भाळतो. तो फसवीत आहे हे दिसत असूनही त्याच्या बोलण्यावर हसतो. आणि शेवटी तो संध्येला सोडून पळून जातो, तेव्हा आपल्या हसण्याचाही त्यात थोडा वाटा होता अशी चुटपुट लागते. राजाराम मात्र संध्येला एका शब्दानेही दोष न देता तिचा स्वीकार करतो. बालपणी ऐकलेल्या गोष्टीत कासव जिंकले होते. आजच्या जगात शर्यत नेमकी कोण जिंकतो, आणि जिंकणे म्हणजे तरी काय, हा प्रश्न आपण घरी घेऊन जातो.

दिवाणखान्यातील पडदा

१९८४ साली भारतात दूरदर्शनवरील मालिकांचे युग सुरू झाले. गल्लीत ज्याच्या घरी संच असेल त्याच्याकडे आबालवृद्ध गोळा होत, तो हा काळ. सईबाई या वेळी पुन्हा आपल्या जुन्या माध्यमाकडे वळल्या. ‘अडोस पडोस’ (१९८४), ‘छोटे बडे’ (१९८५), ‘हम पंछी एक चॉल के’ या त्यांच्या मालिकांची नावेच पाहावी. शेजारपाजार, लहान-थोर, चाळीतील पाखरे: विषय काय असणार हे सांगावयास नको. मोठ्या पडद्यावर नाव झाल्यावर लहान पडद्याकडे वळणे अनेकांना कमीपणाचे वाटते. सईबाईंना तसे वाटले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने पडदा लहान असला तरी त्यावरची माणसे लहान नव्हती.

त्यांचे सारेच चित्रपट विनोदी नाहीत हेही येथे नमूद केले पाहिजे. ‘दिशा’ (१९९०) हा खेड्यातून मुंबईच्या कापडगिरण्यांत येणाऱ्या माणसांचा चित्रपट. एकाच खोलीत दाटीवाटीने राहणारे कामगार, आणि तिकडे गावी वर्षानुवर्षे जिद्दीने विहीर खणणारा एक शेतकरी. शहर आणि खेडे यांतील ओढाताण यातून उभी राहते. पुढे ‘पपीहा’ (१९९३) आणि दोन गायिका बहिणींच्या नात्यावरचा ‘साज’ हे चित्रपट आले. अनुबोधपटांत त्यांनी कॅप्टन लक्ष्मी आणि पंकज मलिक यांची चरित्रे चितारली. वारणानगरच्या बालवाद्यवृंदावर चित्रपट केला, आणि महाराष्ट्रातील एका खेड्यातील दारूबंदीच्या आंदोलनावरील ‘चूडियाँ’ या अनुबोधपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळवले. ‘चकाचक’ (२००५) हा पर्यावरणाविषयीचा चित्रपट त्यांनी बालचित्रपट संस्थेसाठी केला, तर ‘सुई’ हा अमली पदार्थांच्या सुया टोचून घेणाऱ्यांविषयीचा लघुपट २००९ साली जागतिक एड्स दिनी दूरदर्शनवरून दाखवला गेला. आईने ज्या धीटपणाने समाजाने लपवलेल्या विषयाला हात घातला होता, तो धीटपणा लेकीच्या कॅमेऱ्यातही उतरलेला दिसतो.

काळाची परीक्षा

५ एप्रिल २०१३ रोजी एक चमत्कारिक योग जुळून आला. ‘चश्मे बद्दूर’ची नवी, भपकेदार आवृत्ती त्या दिवशी प्रदर्शित झाली, आणि त्याच दिवशी डागडुजी करून उजळलेला मूळ चित्रपटही पुन्हा चित्रपटगृहांत आला. बत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या साध्या चित्रपटासाठी पुन्हा तिकिटे काढणारी मंडळी निघाली, ही गोष्ट बोलकी आहे. त्या काळची दिल्ली आता उरलेली नाही. रस्त्यांवरची ती विरळ वर्दळ गेली; रवी बासवानी २०१० साली आणि फारूख शेख २०१३ च्या अखेरीस आपल्यातून गेले. परंतु दार उघडून भांबावलेला तो तरुण आणि पावडरीचा डबा घेऊन उभी असलेली ती मुलगी मात्र जुनी झालेली नाहीत.

सईबाईंनी आपल्या कलाप्रवासाचे वृत्त ‘सय’ या मराठी आत्मकथनात सांगितले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी ते अवश्य वाचावे.

शेवटी एक विनंती. एखाद्या सुटीच्या दिवशी घरातील सर्वांनी, आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत, एकत्र बसून ‘कथा’ किंवा ‘चश्मे बद्दूर’ पाहावा. चित्रपट संपल्यावर मुलांना सहज विचारावे, ‘तुम्ही कोणाला हसलात, आणि कोणाबरोबर हसलात?’ त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी असतील. आणि मग हाच प्रश्न आपणही स्वतःला विचारून पाहावा. कारण शेजारघरच्या ज्या माणसांवर आपण एरवी हसतो, ती मंडळी आपल्या दारापासून चार पावलांवरच राहतात.